‘टॅपेट वाजतोय’ म्हणण्याआधी

पुण्यात बाइकच्या इंजिनातून कुठलाही परका आवाज आला की पहिला संशयित ठरलेला असतो: टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा स्क्रू. मेकॅनिक अर्धा मिनिट कान देतो, पाना फिरवतो, गाडी सोडतो. आवाज खरंच कमी होतो. आठ-दहा दिवसांनी परत येतो, आणि पुन्हा पाना. या चक्रात टॅपेट दर वेळी थोडा थोडा जास्त आवळला जातो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

पुढची तपासणी अशाच एका गाडीवर केलेली आहे. १५० सीसी, एअरकूल्ड, एक सिलेंडर, दोन व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर, साठ हजार किलोमीटरच्या पुढे चाललेली, रोजचा रस्ता कात्रज ते शिवाजीनगर. या रचनेच्या गाड्या शहरात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे कंपनीचं नाव इथे गैरलागू. तक्रार अशी की स्लोवर (एक्सलेटर न देता) टकटक आणि एक्सलेटर सोडला की डावीकडून खळखळ. दोन ठिकाणी टॅपेट करून झालेले होते.

पाना हातात घेण्याआधी मालकाला चार गोष्टी विचारायच्या. आवाज थंड इंजिनला जास्त की गरम झाल्यावर? गाडी उभी असताना येतो की चालतानाच? चढावर वाढतो का? क्लच दाबला की बदलतो का? ‘कसा वाजतो’ हे विचारून फारसं हाती लागत नाही. एकाची टकटक ती दुसऱ्याची खटखट असते, आणि तोंडाने आवाज काढून दाखवणारं गिऱ्हाईक तर हमखास भलतीकडे नेतं. आवाज कधी वाढतो आणि कधी थांबतो, ही माहिती मात्र सहसा दगा देत नाही. सगळी तपासणी त्याच एका धाग्यावर चालते: आवाज आपल्या हाताने बदलून दाखवता आला पाहिजे. तोवर काही उघडायचं नाही.

पहिल्यांदा इंजिनाबाहेरचे आवाज संपवायचे. सायलेन्सरवरच्या जाळीचे स्क्रू, लेग गार्डचे क्लॅम्प, नंबर प्लेट, मेन स्टँडची स्प्रिंग, टाकीखालचे रबर, चेन कव्हर. इंजिन चालू ठेवून एकेका भागावर जाड फडक्याने हात दाबत जायचं; आवाज बंद झाला की चोर तिथेच. इंजिन माउंटिंगचे बोल्ट पान्याने तपासायचे, नुसते बघून कळत नाहीत. आपल्या रस्त्यांवर दर पन्नास पावलांना स्पीडब्रेकर, त्यामुळे हे बोल्ट सैल होणं अगदी नेहमीचं आहे. सैल माउंटिंगची कंपनं हँडलपर्यंत येतात आणि मालक ती इंजिनच्या नावावर खपवतो. ड्राइव्ह चेन सैल असेल तर गाडी चालवतानाच फटकारे ऐकू येतात, उभ्या गाडीला नाही. या गाडीची सायलेन्सरची जाळी एका स्क्रूवर लटकत होती. ती बसवल्यावर तक्रारीतला एक तुकडा तिथेच गळाला.

मग ऑइल. सपाट जमिनीवर मेन स्टँड लावायचा, इंजिन तीन-चार मिनिटं चालवायचं, बंद करून आणखी दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग पातळी बघायची. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत ती न आवळता नुसती टेकवून काढतात. आवळून मोजली तर पातळी असते त्याहून जास्त दिसते. साइड स्टँडवर मोजणं तर निरर्थकच. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर आधी ते भरायचं आणि पुन्हा ऐकायचं. निम्म्या गाड्यांचा आवाज इथेच बदलतो. कारचं ऑइल घालू नये. बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं हवं, ग्रेड पुस्तिकेत असेल ती.

ऑइल काढायचं असेल तर ते पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये काढायचं आणि त्यातून लोहचुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटलेली बारीक काळी पेस्ट म्हणजे नेहमीची झीज, तिची काळजी नाही. चिकटणारे कण बोटाला खरखरीत लागले तर गिअर, बेअरिंग किंवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). चुंबकाला न चिकटणारी रुपेरी चमक म्हणजे अॅल्युमिनियम, बहुधा पिस्टन. पिवळसर तांबूस कण म्हणजे बुश. त्यानंतर ऑइलची जाळी काढायची. या गाडीच्या जाळीत धातू नव्हता, पण तांदळाच्या दाण्याएवढे काळे रबराचे तुकडे होते. इंजिनात असं रबर बहुधा टायमिंग चेनच्या, म्हणजे कॅम फिरवणाऱ्या आतल्या चेनच्या, गाइडवरचं (ती जिच्यावरून सरकते त्या पट्टीवरचं) असतं. म्हणजे कान लावण्याआधीच अर्धं उत्तर हातात आलं होतं. तरी बाकीचं सोडून चालत नाही, कारण एका इंजिनात दोन-तीन आवाज सुखाने एकत्र नांदतात आणि मोठा आवाज लहानाला झाकतो.

ऐकायला साधन लागतं ते लांब पेचकस. टोक धातूवर, मूठ कानामागच्या हाडावर. ओढणी, मोकळे केस, सैल बाही चेनपासून लांब. शटर उघडं ठेवायचं. बंद गाळ्यात इंजिन चालवून ऐकत बसणं म्हणजे विषारी वायू छातीत भरून घेणं. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत वाहनांचा आवाज आणि कंपनं मोजायला खास प्रयोगशाळा आहे, पण नुसती जागा शोधायला पेचकसही पुरतो. हेड (इंजिनचा माथा) कव्हरवर, ब्लॉकच्या (सिलेंडरच्या) डाव्या कडेला, ब्लॉकच्या मध्यावर, मॅग्नेट (वीज बनवणारं फिरतं चाक) कव्हरवर, क्लच कव्हरवर आणि क्रँककेसच्या (तळाच्या पेटीच्या) खालच्या भागावर, अशा सहा जागी क्रमाने ऐकायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलेल्या आवाजावर निदान करू नये; फोन मोठे आवाज आपोआप दाबतो आणि बारीक टकटक फुगवून दाखवतो.

थोडं गणित इथे कामाला येतं. स्लो १४०० आरपीएमवर क्रँक (पिस्टन फिरवतो तो मुख्य दांडा) सेकंदाला साधारण तेवीस वेळा फिरतो, कॅम त्याच्या निम्मा, म्हणजे बारा वेळा. टॅपेटचा आवाज कॅमच्या तालावर असतो, सायलेन्सरच्या ठोक्याबरोबर चालणारा. सैल मॅग्नेट किंवा हलणारा पिस्टन क्रँकच्या तालावर, दुप्पट घाईचा. बारा आणि तेवीस मोजता येत नाहीत, पण सायलेन्सरजवळ हात धरून ठोका जाणवत ठेवला तर टकटक त्याच्याबरोबर चालते की त्याच्या मध्येही पडते, हे सरावाने कळू लागतं. स्लो थोडा खाली, हजार-अकराशेवर आणला तर आणखी सोपं.

धोक्याचं आधी तपासायचं. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा आवाज जड ठकठक असतो, क्रँककेसवर सर्वात स्पष्ट. इंजिन गरम झाल्यावर, ऑइल पातळ झाल्यावर वाढतो आणि चढावर आणखी वाढतो. अशी गाडी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून चालवू नये. रॉड मोडला तर क्रँककेस फुटतो आणि क्रँक पिन बदलण्यावर भागणारं काम अख्ख्या इंजिनवर जातं. खात्री करायची तर ब्लॉक उतरवावा लागतो. पिस्टन वरच्या टोकाला आणून रॉड धरायचा आणि वर-खाली ओढायचा. डावी-उजवीकडे थोडा खेळ असतो, तो चालतो. वर-खाली खेळ अजिबात नको. हाताला जाणवला की क्रँक लेथवाल्याकडे. आपल्या गाडीला खाली काही ऐकू आलं नाही, ब्लॉक उतरवायची वेळ आली नाही.

पिस्टन ब्लॉकमध्ये सैल झाला असेल तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला ढबढब ऐकू येते आणि इंजिन तापलं की ती विरते, कारण पिस्टन फुगून जागा भरतो. शंका असेल तर थंड इंजिनचा प्लग काढून चमचाभर, म्हणजे ५ मिली, ऑइल आत सोडायचं, दोन-तीन किका मारून ते पसरू द्यायचं, प्लग लावून स्टार्ट करायचं. पांढरट निळा धूर येईल, येऊ द्या. आवाज काही सेकंद गायब होऊन परत आला तर पिस्टन. पण नुसती सकाळची मिनिटभराची ढबढब असेल, ऑइल कमी होत नसेल आणि तापल्यावर धूर नसेल, तर त्यासाठी इंजिन उघडू नये. कितीतरी गाड्या याच आवाजावर वर्षानुवर्षं चालतात.

क्लचची परीक्षा सर्वात सोपी आणि सर्वात दुर्लक्षित. गाडी न्यूट्रलमध्ये, स्लोवर. क्लच दाबा, सोडा. दाबल्यावर घरघर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा क्लच हाऊसिंगच्या सैल झालेल्या स्प्रिंगा. दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लच रिलीज बेअरिंग. काहीच बदललं नाही तर तो सगळा भाग संशयातून सुटला. या गाडीत काही बदललं नाही.

आता टकटक. हेडवर ऐकू येणारी टकटक म्हणजे टॅपेट असं गृहीत धरण्याआधी बेंड पाइपच्या (इंजिनपासून सायलेन्सरला जाणाऱ्या नळीच्या) तोंडाशी बघायचं. हेडला बेंड जिथे बसतो तिथलं पॅकिंग उडालं की नेमकी टॅपेटसारखी टकटक येते, कॅमच्याच तालावर, कारण गॅसही त्याच तालावर बाहेर पडतो. भले भले इथे फसतात. खूण म्हणजे जोडावर काजळीची रेघ. परीक्षा थंड इंजिनवर, स्टार्ट केल्या केल्या, बेंड हाताला सोसवतो तोवर करायची: जोडावर साबणाचं पाणी मारायचं आणि सायलेन्सरचं तोंड जाड ओल्या फडक्याने दोन-तीन सेकंद अर्धवट दाबायचं. गळती असेल तर बुडबुडे येतात आणि टकटक एकदम मोठी होते. टॅपेटला या दाबण्याशी काही देणंघेणं नसतं. गाडीची टकटक या परीक्षेत स्पष्ट वाढली. बेंडचे दोन्ही नट सैल नव्हते, पॅकिंगच चेपून संपलं होतं. जुनं पॅकिंग खरवडून पूर्ण काढायचं. अनेकदा ते भोकातच चिकटून राहतं आणि नवं त्याच्यावर बसवलं जातं, मग तिरकं बसून पुन्हा गळतं. नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. ६ एमएमच्या स्टडला १० न्यूटन-मीटर पुष्कळ झाले. जोर काढला तर हेडचे आटे जातात.

पॅकिंग बदलल्यावर टकटक निम्मी राहिली. मग टॅपेट मोजले. नुसते ‘केले’ नाहीत, आधी मोजले, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. प्लग काढून ठेवायचा म्हणजे इंजिन हाताने अलगद फिरतं. मॅग्नेट कव्हरवरच्या दोन टोप्या उघडायच्या. मधल्या टोपीतून नटला पाना लावून क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा आणि छोट्या खिडकीत ‘टी’ची खूण जुळवायची. शेजारची ‘एफ’ची खूण इग्निशनची, तिच्यावर थांबू नये. या जागी दोन्ही रॉकर (कॅमचा रेटा व्हॉल्व्हला देणारे हात) बोटाने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर पिस्टन वर आहे पण कॉम्प्रेशनच्या फेरीत नाही. आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा.

या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांना टॅपेटची फट इनलेटला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.१० मिलिमीटर असते, पण आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच धरायचा. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्याची) पट्टी किंचित अडत, ओढून निघाली पाहिजे. या गाडीत इनलेट बरोबर होता. एक्झॉस्टमध्ये ०.०५ची पट्टीसुद्धा शिरत नव्हती. पुन्हा पुन्हा आवाज ‘काढण्याचा’ हा परिणाम. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः बंद असताना सीटला टेकून बाहेर टाकतो. टॅपेट आवळलेला असेल तर तो पूर्ण टेकत नाही, कड जळते, कॉम्प्रेशन जातं, गाडी गरम झाल्यावर स्टार्ट व्हायला रडते. थोडा वाजणारा टॅपेट परवडला, गप्प बसलेल्या टॅपेटची भीती बाळगावी.

सेट करताना लॉकनट सैल करून स्क्रू फिरवायचा, पट्टी आत ठेवूनच नट आवळायचा आणि मग पुन्हा मोजायचं, कारण नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. आणखी एक गोम आहे. स्क्रूच्या टोकाला किंवा व्हॉल्व्हच्या डोक्यावर खळगा पडला असेल तर सपाट पट्टी खळग्याच्या कडांवर टेकते, आत उतरत नाही. पट्टी ०.१० सांगते, प्रत्यक्ष फट त्याहून जास्त असते. माप बरोबर आणि तरी टकटक, असं झालं की स्क्रू पूर्ण काढून टोकावर बोट फिरवायचं. रॉकर कॅमला घासतो तो भागही टॉर्च मारून बघायचा. गुळगुळीत चकचकीत हवा, खड्डे नकोत. इथे स्क्रूचं टोक चांगलं निघालं. एक्झॉस्ट ०.१०वर आणल्यावर हलकी, एकसारखी टकटक आली. ती त्या इंजिनचा स्वभाव आहे.

उरली खळखळ, आणि जाळीतले रबराचे तुकडे. न्यूट्रलमध्ये इंजिन साडेतीन हजारांपर्यंत नेऊन एक्सलेटर झटकन सोडला की ब्लॉकच्या डाव्या कडेला पेचकसातून खळ्ळ असा आवाज स्वच्छ यायचा. एक्सलेटर सोडताना चेनवरचा ताण उलटतो, सैल चेन त्या क्षणी भिंतीला आपटते. क्रँककेसवर तोच आवाज क्षीण होता. म्हणजे टायमिंग चेन.

इथे बहुतेकजण थेट नवा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) टाकतात. काहीशे रुपयांचा भाग, दोन बोल्ट, पंधरा मिनिटं. पण टेन्शनर कधी स्वतः मेलेला असतो, आणि कधी चेन इतकी लांबलेली असते की टेन्शनरचा दांडा बाहेर येऊन येऊन संपलेला असतो. हे ओळखायला तो काढून बघावा लागतो, आणि काढण्याआधी ‘टी’ची खूण जुळवलेली असलीच पाहिजे. टेन्शनर बाहेर असताना इंजिन फिरवायचं नाही, किकला पाय लावायचा नाही. चेन एक दात सुटली तर टायमिंग चुकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो. काढल्यावर अंगठ्याने दांडा आत दाबायचा. आत गेला तर टेन्शनर बाद. इथे तो ठाम होता, पण जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला. टेन्शनर बिचारा आपलं काम शेवटपर्यंत करत होता. नवा घातला असता तर महिनाभर शांतता आणि मग तेच.

गाइड बघायला मॅग्नेट काढावा लागतो, आणि त्याला आट्यांचा पुलरच लागतो. हातोडीने ठोकलात तर चुंबक तडकतात किंवा क्रँकचं टोक चेपतं. आतला गाइड बघितला तर रबर एका जागी पत्र्यापर्यंत घासलेलं, आणि चेनने त्यात दोन स्पष्ट नाळ्या पाडलेल्या.

सामान नाना पेठेत मिळतं, पण जुने भाग पिशवीत घेऊन जावं. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलमध्ये चेनच्या कड्यांची संख्या आणि गाइडची लांबी बदलते, आणि दुकानदाराने ‘सेमच आहे दादा’ म्हटलं तरी जुनी-नवी चेन शेजारी लटकवून कड्या मोजाव्यात. चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर आणि त्याचं पॅकिंग एकत्रच बदलायचं. कॅम स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले दिसले तर स्प्रॉकेटही. एवढं उघडून जुना गाइड ठेवणं ही काटकसर नाही.

बसवताना क्रँकची ‘टी’ आणि कॅम स्प्रॉकेटची खूण एकाच वेळी जुळली पाहिजे; स्प्रॉकेटची रेघ हेडच्या कडेला समांतर. टेन्शनरचा दांडा छोट्या पेचकसाने आत वळवून अडकवायचा, बोल्ट आवळून मग सोडायचा. स्प्रिंग सुटल्याचा आवाज येतो. तो आला नाही तर दांडा अडकलेलाच आहे, पुढे जाऊ नका. त्यानंतर मॅग्नेटच्या नटने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि दोन्ही खुणा पुन्हा तपासायच्या. मध्ये कुठे कडक अडलं तर जोर लावायचा नाही, खुणा चुकल्या आहेत. टॅपेट पुन्हा मोजायचे. जाळी धुऊन नवं ऑइल, साधारण १ लिटर. स्टार्ट करून बंद केल्यावर पातळी परत बघायची.

चालवून बघायला जुना कात्रज बोगदा किंवा कॅम्पातल्या लष्करी आवारांच्या लांब भिंती उपयोगी पडतात. दुसऱ्या गिअरमध्ये भिंतीच्या बाजूने, तीसच्या आसपास. आवाज भिंतीवरून परत येतो आणि हेल्मेटमधूनही वेगळा कळतो. त्यानंतर बोपदेव घाट. तिसऱ्या गिअरमध्ये वेग मुद्दाम कमी ठेवून एक्सलेटर उघडायचा. डब्यात खिळे हलवावे तशी किणकिण आली तर ती कुठल्या सुट्या भागाची नाही, पेट्रोलचं मिश्रण वेळेआधी पेटतंय. पिस्टनच्या डोक्यावर कार्बन, गरीब मिश्रण (पेट्रोल कमी, हवा जास्त), चुकीचा प्लग किंवा इग्निशन पुढे गेलेलं. गिअर खाली टाकला की ती थांबते, हीच तिची ओळख. या गाडीला घाटात काही आलं नाही.

पाचशे किलोमीटरनंतर ऑइलची जाळी पुन्हा काढून बघायची. सुरुवातीला बोटाला लागेल एवढी काळी पावडर चालते. रबराचे तुकडे दिसले तर गाइडचं खालचं टोक खाचेत नीट बसलेलं नाही, आणि मॅग्नेट पुन्हा उतरवावा लागेल.